अंगणातली हरळी

माझ्या माहेरी हरळी हा शब्द शिवीसारखाच वापरला जायचा. निपाणीकडची आमची शेती, तंबाखूची नि शाळवाची. बांधावरून हरळी आत शिरली की आण्णांचं जेवणात लक्ष नसायचं. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, बायकांनी सऱ्यांतून फिरून मुळ्या वेचायच्या, बांधावर ढीग घालून वाळवायच्या. एवढं करूनही मृगाचा पाऊस झाला की चुकून राहिलेल्या दोन पेरांतून ती परत डोकं वर काढायचीच. त्यामुळं बेळगावच्या घरापुढं लॉन करायचं ठरलं आणि नर्सरीतल्या माणसानं 'सिलेक्शन वन' असं भारदस्त नाव सांगून एक कुंडी माझ्या हातात दिली, तेव्हा मला हसूच आवरेना. बारीक पानं, गाठीगाठीला मुळं, जमिनीला धरून सरपटणारी दोरी. "ओ, ही हरळी की!" मी म्हटलं. "हरळीच अक्का, पण निवडलेली जात हाय," तो म्हणाला, आणि चौरस फुटाचा भाव सांगितला. आण्णा असते तर त्यांनी त्याला आमच्या रानात नेऊन फुकट पोती भरून दिली असती.

लॉनची गरज आमच्या हौसेतून आली नव्हती, निदान माझ्या तरी. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, वयाच्या ८१व्या वर्षी अंगणातल्या शहाबादी फरशीवर घसरल्या. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्यानंतर त्यांनी अंगणात पाऊल टाकणंच सोडलं. घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या. डॉक्टर म्हणाले, मऊ जमिनीवर, सकाळच्या उन्हात रोज थोडं चालवा. ह्यांच्या डोक्यात निवृत्तीनंतर काहीतरी करायचं घोळतच होतं. त्यांनी लगेच कागदावर सबंध अंगण हिरवं रंगवलं. ११०० चौरस फूट.

आता यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेल. जिच्यासाठी लॉन करायचं ती बाई हिरवळीवर पाय देत नाही! अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी ताटात नसते, चातुर्मासात गवत दिसलं तर वळसा घालून जाणं, हे त्यांचं लग्नाआधीपासूनचं वळण. गवतालाही एक इंद्रिय आहे, स्पर्शाचं. पाय पडला की त्याला कळतं, असं त्या नातवंडांना सांगत आल्या. ह्यांनी कागद दाखवल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या नावावर हे नको रे बाबा."

मी मात्र अडून बसले. गृहस्थाला सगळीच हिंसा टळत नाही, हे आपल्या शास्त्रानंच मान्य केलंय. जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूनं केलेली ती संकल्पी. रांधणं, झाडणं, घर बांधणं यांत होते ती आरंभी. म्हाताऱ्या माणसाला पडू न देता चालता यावं म्हणून केलेली मऊ जमीन आरंभीतच बसते, असं माझं म्हणणं. त्यावर आत्तींनी कपाटातून रत्नकरंडक श्रावकाचार काढला. समंतभद्राचार्यांनी अनर्थदंड सांगताना निष्फळ गोष्टींची जी यादी दिली आहे, तीत विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं हे सगळं ओळीनं येतं. शेकडो वर्षांपूर्वी कुणी लॉनचं वर्णन करून ठेवावं तसं! खणायचं, पाणी घालायचं, कापायचं. आणि वाढलं की परत कापायचं. त्यातून दाणा नाही, चारा नाही.

पण त्या यादीत 'निष्फळ' हा शब्द आहे, आणि माझं काम त्यानंच सोपं केलं. ज्या हिरवळीवर कुणी चालत नाही, बसत नाही, खेळत नाही, ती निष्फळ. मग वापरात येईल तेवढीच करायची. ह्यांच्या ११०० चौरस फुटांचे ६०० झाले. आंब्याखालची जागा वगळली, गाडी वळते ती वगळली. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत अडीच फुटांचा खरखरीत दगडाचा पट्टा ठेवला, मधे कुठेही गवत येणार नाही असा. आहारासाठी मुनिमहाराज दारी आले तर त्यांच्या वाटेत हिरवं येता कामा नये, आणि चातुर्मासात आत्तींनाही तोच पट्टा. बाकीच्या दिवसांत त्यांनी काय करायचं हे त्यांच्यावर सोडलं.

मग गवताची निवड. मुलगा शिकागोला असतो. त्याच्या दारापुढचं केंटकी ब्लूग्रास फोटोत इतकं देखणं दिसतं की ह्यांना तेच हवं होतं. पण ती थंड हवेची जात. १५ ते २४ अंश तापमान तिला मानवतं. आपल्या एप्रिलमध्ये ती माना टाकते. आपल्याकडे लागतात ती उष्ण हंगामातली गवतं, जी २७ ते ३५ अंशांत खरी जोमात येतात. ऊस, ज्वारी, मका यांच्याच घराण्यातली ही, आणि कडक उन्हात कमी पाण्यावर जास्त वाढण्याची खुबीही त्यांच्याचसारखी. एवढं कळलं की परदेशी फोटोंची पाकिटं बाजूला ठेवता येतात. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, आपल्या लॉनची वाढ मंदावते, रंग उतरतो. ते आजारपण नव्हे, त्याची विश्रांती असते. त्या दिवसांत खत ओतत बसू नये.

आमच्यापुढं तीन गवतं होती. पहिली हरळी. तिला दिवसाचं सहा-सात तास थेट ऊन लागतंच. सावलीत ती विरळ होत होत मरते. उन्हात मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली तर दोन महिन्यांत जमीन झाकते, पाय सोसते, पाणी तोडलं तर वाळून पडते आणि पहिल्या पावसाला उठते. तिचा दोष तिच्या गुणातच आहे. वाढते फार, म्हणजे कापावी फार लागते. गोल्फच्या मैदानांवर असते तीही हरळीच, आफ्रिकेतल्या एका बारीक जातीशी संकर केलेली. अमेरिकेत १९६० साली निघालेली टिफवे ही त्यातली नावाजलेली. या संकरित जातीला बी धरत नाही, कांड्याच लावाव्या लागतात. कुणी तिचं बी म्हणून पाकीट विकत असेल तर घेऊ नका.

दुसरं कोरियन, म्हणजे झोयसिया. गालिच्यासारखं दाट, थोडी सावली चालते, आणि वाढ इतकी सावकाश की कापणं अगदी कमी. हिंसेचा हिशेब मांडला तर हेच उत्तम, असं मलाही आधी वाटलं. मग मैत्रिणीकडं जाऊन पाहिलं. तिची जागा भरायला वर्ष उलटून गेलं होतं आणि तोवर मोकळ्या जागेत तण माजलं होतं. रोज सकाळी ती खुरपं घेऊन बसलेली. न कापलेलं कोरियन पुढं उंचसखल उशांसारखं फुगतं. दिसायला छान, पण ८१ वर्षांच्या पायाला ते फरशीइतकंच धोक्याचं. तिसरं रुंद पानांचं कार्पेट ग्रास. ते सावलीत आणि ओलीत सुखानं राहतं. आंब्याखाली लावा म्हणून माळ्यानं आग्रह केला, पण त्याला उन्हाळाभर ओल पाहिजे आणि आंब्याखाली बसायला आम्हाला मातीही चालते. तिथं पाचोळा राहू दिला.

हरळी ठरली. आण्णांची आठवण काढत मी सही केली म्हणायची!

जमीन तयार करणं हेच यातलं खरं काम, लावणं अर्ध्या दिवसाचं. आमच्या तांबड्या मातीत लव्हाळा भरपूर. वरून उपटला तर हातात पात येते नि खाली मण्यांसारख्या गाठी तशाच राहतात. एकेका गाठीतून नवं बेट. हरळी लावून झाल्यावर त्यातून लव्हाळा काढणं म्हणजे भातातून तूप काढणं. म्हणून एप्रिलमध्ये फूटभर खणून माती उन्हात तापू दिली, मग थोडं पाणी शिंपडून लव्हाळा उगवू दिला, गाठीसकट काढला. असं तीन वेळा. आत्ती व्हरांड्यात बसून गाठी निवडायच्या. उटण्यातला नागरमोथा याच्याच कुळातला. "जन्मभर कंदमूळ घरात येऊ दिलं नाही," त्या म्हणाल्या, "आता दारात पाट्या भरून काढायलोय." खणताना गांडुळं वर आली की त्या माळ्याला थांबवायच्या आणि ती आंब्याखालच्या ओल्या पाचोळ्यात सोडायला लावायच्या. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं. माळ्यानं मजुरी पाच दिवसांचीच घेतली, आणि ते बरोबरच होतं.

कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळून जमीन सारखी केली. इथं एक सांगते, शेणखत पूर्ण मुरलेलंच घ्या, हाताला चहाच्या चोथ्यासारखं लागणारं. कच्च्या खतातून तणाचं बी येतं आणि हुमणीही येते. पाणी साचू नये म्हणून जमिनीला घराकडून रस्त्याकडं किंचित उतार दिला; बेळगावचा पाऊस चार दिवस लागला की उघडायचं नाव घेत नाही. जूनमध्ये दोन-दोन, तीन-तीन पेरांच्या कांड्या चार-चार इंचांवर खोचल्या. तयार गवताच्या गाद्या अंथरल्या तर त्याच दिवशी हिरवं दिसतं, पण खर्च कितीतरी जास्त, आणि मैत्रिणीकडं गादीबरोबर लव्हाळाही आला होता. श्रावण निम्मा होईतो माती दिसेनाशी झाली.

पाण्याचा हिशेब मी वहीत मांडला, कारण राकसकोपचं पाणी कमी झालं की आमच्याकडं नळाचे दिवस लांबतात. उन्हाळ्यात लॉन हिरवंगार ठेवायचं तर आठवड्याला साधारण इंचभर पाणी लागतं असं सांगतात. ६०० चौरस फुटांवर इंचभर म्हणजे १४०० लिटर, १५ लिटरच्या ९३ बादल्या. पाणी तुपासारखं वापरावं असं ज्या घरात सांगतात, तिथं ९३ बादल्या गवताला! मी ह्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग ठरलं की हरळीला मार्चनंतर पिवळं पडू द्यायचं. दहा-बारा दिवसांतून एकदा, पहाटे, मुळापर्यंत पोचेल एवढं पाणी. रोज थोडं थोडं मुळीच नाही. रोजच्या शिंपडण्यानं मुळं वरच्या वरच राहतात आणि मग उन्हाच्या पहिल्या झळीला मान टाकतात. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी तिकडंच जातं. मे महिन्यात पाहुणे विचारतात, "लॉन वाळलं वाटतं?" आत्तीच उत्तर देतात, "निजलंय."

आणि गंमत बघा, ते वाळलेलं असतं तेव्हाच त्या त्यावर मनमोकळ्या चालतात. पिवळं गवत, खाली मऊ. सकाळी सातला, काठी न घेता, वीस फेऱ्या.

खरी ओढाताण भाद्रपदात. हरळी वर्षातली सगळ्यात जास्त वाढते त्याच दिवसांत आपलं दशलक्षण पर्व येतं. आदल्या दिवशी गणेश चतुर्थी, त्यामुळं सकाळी सकाळी शेजारच्या बायका ताटल्या घेऊन दुर्वांना येतात. दूर्वा म्हणजे हीच हरळी, आणि न कापलेल्या लांब शेंड्यांना त्या दिवशी मान असतो. दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस आमच्याकडं विळा चालत नाही, यंत्र चालत नाही. अनंत चतुर्दशीपर्यंत गवत घोट्याच्या वर गेलेलं. माळी आला की एकदम बुडापासून कापू बघतो. ते होऊ देऊ नये. एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त पात कापली की खालचे पांढरे देठ उघडे पडतात, उन्हानं करपतात, आणि गवत पुन्हा उभं राहायला आपल्या मुळांतलंच खातं. म्हणून आम्ही तीन हप्त्यांत उतरवतो, चार-पाच दिवसांच्या अंतरानं, शेवटी दीड इंचावर आणतो. एरवी पावसाळ्यात आठवड्याला एकदा, दिवाळीनंतर तीन आठवड्यांतून एकदा, थंडीत नाहीच.

आमचं यंत्र ढकलायचं आहे, मोटारीशिवायचं. पात्याला धार मात्र पाहिजे. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके दिसतात. आत्तींचा एक नियम माळ्यानं आता स्वतःचा करून टाकलाय. ऊन वर आल्यावर, पात वाळल्यावरच कापायचं, आणि त्याआधी कुणीतरी मऊ केरसुणी हलकेच फिरवत पुढं जायचं. पावसाळ्यात त्या केरसुणीपुढून किती जीव उडतात ते एकदा बघावं! नाकतोडे, बारकी बेडकं, पतंग, एकदा तर पालीचं पिल्लू. नातू सुट्टीत आला की हे काम त्याचं. तो बेडकं मोजतो. चौदाच्या पुढं गेला की ओरडून सांगतो.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर मधल्या भागात तीन-चार हात जागा पिवळी पडली. ओढून पाहिलं तर गवत चटईसारखं उचलून हातात आलं, खाली मुळंच नाहीत. मातीत पांढऱ्या, वळलेल्या अळ्या. हुमणी. ऊसवाल्यांना ती सांगायला नको. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, मादी मातीत अंडी घालते आणि पावसाळाभर अळ्या मुळं खातात. माळी म्हणाला, "अक्का, औषध सोडूया की. दोन दिवसांत खलास." खलास हा शब्द आत्तींनी ऐकला.

ह्यांनी बराच शोध घेतला. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती मातीत टाकली की अळ्यांवर वाढते. विष नाही, जैविक आहे. पण मरायचं तर अळीलाच ना? जैविक म्हणजे अहिंसक, अशी आपल्या बायकांतही समजूत झालेली मी पाहते. ती बुरशी माणसाला, गांडुळाला, पाण्याला औषधापेक्षा कितीतरी बरी, यात शंका नाही, आणि ज्याचं पोट उसावर आहे त्यानं ती वापरली तर मी त्याला बोलणार नाही. आण्णांचं रान असतं तर मीही वापरली असती. माझ्या पोटाचा तर यात प्रश्न नव्हता. तीन-चार हात गवताचा होता. त्यासाठी जाणूनबुजून मारणं म्हणजे ज्या आरंभीच्या नावावर मी हे सगळं उभं केलं तिची सरळ संकल्पी होणार. ह्यांचं मत वेगळं पडलं, पसरली तर सगळं जाईल म्हणाले. दोन दिवस घरात त्यावरून बोलणं कमी झालं. शेवटी मी उचलून आलेलं गवत काढून टाकलं, जागा उघडी ठेवली. साळुंक्यांनी आणि एका बगळ्यानं पुढचं त्यांचं त्यांचं पाहिलं. भोवतीचं गवत राहिलं. दरवर्षी असंच निभेल असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. यंदा वळवाच्या पावसानंतर आठ दिवस अंगणातला दिवा रात्री लावला नाही, भुंगेरे उजेडाकडं येतात म्हणून.

ती उघडी जागा मी परत लावली नाही. दिवाळीला निर्वाणलाडू चढवून आलो आणि आत्तींनी वेताची खुर्ची तिथं ठेवायला सांगितली. चहूबाजूंनी हिरवं, पायांखाली माती. अष्टमी असो, चतुर्दशी असो, दगडी पट्ट्यावरून जाऊन शेवटची तीन पावलं माझा हात धरून, वाळक्या पातीवरून टाकायची, आणि उन्हात बसून जपमाळ ओढायची. थंडीभर त्यांनी तिथून सगळ्या गल्लीची खबर ठेवली.

हरळी थांबणारी नव्हेच. जूनमध्ये दोन पाऊस झाले तशा कडेच्या दोऱ्या मातीवरून आत सरकू लागल्या, रोज बोटभर. माळी कातरायला निघाला तर आत्ती म्हणाल्या, "राहू दे रे. माझी खुर्चीच जरा अलीकडं घे."